गेल्या वर्षी लाल कणीस, यंदा एकच पान! माझ्या जॅकला झालंय काय?

उत्तरेची_ओसरी
११ मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बागकामाचे धागे आजवर गुपचूप वाचत आले, आज पहिल्यांदाच गाऱ्हाणं घेऊन आले आहे. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. घराच्या उत्तरेला बारा फूट बाय वीस फुटांचा तुकडा आहे, तिथे ऊन म्हणून येत नाही. एकीकडे आमचा ओक, दुसरीकडे कुंपणापलीकडून शेजाऱ्यांचा नॉर्वे मेपल अंगावर आलेला. पहिली चार वर्षं दर सप्टेंबरात तिथे गवताचं बी टाकलं आणि दर जूनमध्ये तिथे शेवाळं बघितलं. पाचव्या वर्षी नवरा म्हणाला, शेवाळ्यालाच लॉन म्हणू या आणि सुटू या.

मग गावातल्या वाचनालयाच्या आवारात इथल्या मूळच्या झाडांची विक्री होती, तिथून ‘जॅक-इन-द-पल्पिट’ची तीन रोपं आणली. शास्त्रीय नाव ॲरिसिमा ट्रायफायलम. आपल्या अळू-सुरणाच्याच कुळातलं, उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडच्या जंगलांत आपसूक उगवणारं. एप्रिलमध्ये भाल्यासारखा कोंब येतो, मग तीन पानांचा पंखा उघडतो (खरं तर तो अख्खा पंखा म्हणजे एकच पान) आणि त्याच्या खाली हिरव्या-तपकिरी पट्ट्यांचं एक आवरण. आत एक दांडी उभी, वर टोपण पुढे झुकलेलं. चर्चमधल्या उंच मंचावर उभा राहिलेला पाद्री, असं इथल्या लोकांना त्यात दिसलं. मला तर इरलं घेऊन भातखाचरात उभा असलेला माणूस दिसतो.

थंडीची काळजी नाही. आमच्याकडे कडाक्याच्या रात्री उणे पंधरा सेल्सियस होतं, त्याला ढिम्म फरक पडत नाही. पहिली दोन वर्षं तिघांनी एकेक पंखा दिला. गेल्या वर्षी मधल्याने कमाल केली: दोन पंखे, बावीस इंच उंची आणि ऑगस्टच्या शेवटी लालभडक दाण्यांचं कणीस. सासूबाई तेव्हा साताऱ्याहून आल्या होत्या. खिडकीतून बघून म्हणाल्या, "अगं, हे सापाचं कणीस तुझ्या दारात कुठून आलं? हात नको लावूस." मी म्हटलं, आई, हे अमेरिकेतलं झाड आहे. त्या म्हणाल्या, "असेल. सापाचं कणीसच आहे."

आता यंदाचं रडगाणं. तोच मधला, तीच जागा, पण जेमतेम नऊ इंच. एकच पंखा. फूल आहे, पण अंगठ्याएवढं. बाजूचे दोघे नेहमीसारखे.

माझे गुन्हे आधीच कबूल करते. एक, ऑक्टोबरात पाला गोळा करायला जी माणसं येतात त्यांनी हा तुकडाही ब्लोअर मारून परटाच्या इस्त्रीसारखा साफ केला, मी घरी नव्हते. दोन, मार्चमध्ये लॉनच्या खतातलं मूठभर इथे टाकलं. तीन, गेल्या उन्हाळ्यात पाणी आठवलं की घातलं. चार, त्याच्या पायाशी पॉयझन आयव्हीची दोन पिल्लं आली होती, ती उपटली. यातलं कशामुळे झालं? खणून गड्डा बघू का?

कोकमकढी
११ मे, रात्री १०.०५

इरलंवाला माणूस फार आवडला. उत्तर माहीत नाही, वाचतेय.

घाटवाट
१२ मे, सकाळी ११.१०

तुमच्या सासूबाईंना माझा दंडवत. बाईंची नजर वनस्पतीशास्त्रज्ञाची आहे. सातारा, महाबळेश्वर, कास, आंबोली या पट्ट्यात जो सापकांदा येतो तो ॲरिसिमा मरेई, म्हणजे तुमच्या जॅकचा सख्खा चुलतभाऊ. वंश एकच. मी वाईचा, लहानपण याच घाटात गेलं.

आमच्याकडे पहिले एक-दोन मोठे पाऊस झाले की हा जमिनीतून थेट फूलच काढतो, पान नंतर. फणा पांढराशुभ्र, आत घशाशी जांभळट-गुलाबी छटा, टोकाला बारीक शेपूट. धुक्यात कड्याच्या कडेला असे पाच-पन्नास फणे एकदम दिसले की पाय आपोआप थांबतो. पान येतं ते छत्रीच्या काड्यांसारखं गोल पसरलेलं. पावसाच्या शेवटी पान पिवळं पडतं आणि नुसता दांडा उरतो, त्यावर केशरी-लाल दाण्यांचं कणीस. गुराखी पोरं त्याला सापाचं कणीस म्हणतात, कारण मोठ्यांनी सांगितलेलं असतं की साप ते खातो. साप खात नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्या निमित्ताने पोरं तोंडात घालत नाहीत. आमची आजी म्हणायची, सापकांद्याने फणा काढला की पेरणीला लागा आणि कणीस लाल झालं की छत्री माळ्यावर टाका.

सह्याद्रीत आणखीही प्रकार आहेत. दांडीची लांब शेपटी फण्यातून बाहेर काढून वर वळवणारा टॉर्ट्युओसम इथेही आहे आणि हिमालयातही. आणि सह्याद्रिकम नावाचा एक तर कोल्हापूरच्या अभ्यासकांनी १९९० च्या दशकात नव्याने नोंदवला.

तुमच्या कोड्याचं उत्तर मात्र मला येत नाही. आमच्याकडे लावत कोण बसतो, तो आपला आपण येतो.

चिखलपाय
१२ मे, सकाळी ८.३० (पूर्व किनाऱ्याची वेळ)

ताई, आधी खुरपं खाली ठेवा. खणू नका. या झाडाचे निम्मे मृत्यू मालकाच्या उत्सुकतेने होतात.

मी पेनसिल्व्हेनियात, एकतीस वर्षं इथे आणि त्यातली वीस याच कुळाच्या नादात. निदान करायच्या आधी तीन गोष्टी बघून सांगा.

१. पानं उलटी करा. पाठीमागे केशरी-पिवळी पूड, बारीक पुटकुळ्या आहेत का?
२. फुलाचं आवरण जिथे दांड्याला चिकटतं, तिथे अगदी तळाशी, दोन कडा एकमेकींवर येतात त्या फटीत बारीकसं भोक आहे का? टॉर्च घ्या, गुडघे टेका.
३. गेल्या वर्षीच्या कणसात दाणे किती होते, अंदाजे?

आणि पॉयझन आयव्ही उपटली म्हणता, ती नक्की पॉयझन आयव्हीच होती ना? दोघांनाही तीन-तीन पानं. मला दाट संशय येतोय.

टोमॅटोदादा
१२ मे, सकाळी ९.१५

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. जे झाड वर्षातले आठ महिने जमिनीखाली झोपतं, उरलेल्या चारात रुसतं, खायला देत नाही आणि वासही देत नाही, त्याच्यासाठी एवढा आटापिटा कशाला? सावली आहे ना, होस्टा लावा. दहा डॉलरचं रोप, पाच वर्षांत गाडीएवढं होतं.

चिखलपाय
१२ मे, सकाळी ९.२२

दादा, न्यू जर्सीत होस्टा लावणं म्हणजे हरणांसाठी सॅलड बार उघडणं. जॅकच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात. हरीण एखादा घास घेऊन बघतं, पण सहसा तिथे पंगत मांडत नाही.

टोमॅटोदादा
१२ मे, सकाळी ९.३०

हरणांचा मुद्दा मान्य. डॅलसमध्ये आमच्या वसाहतीत हरणं नाहीत. ऊनच इतकं आहे की सावली विकत घ्यावी लागते.

उत्तरेची_ओसरी
१२ मे, संध्याकाळी ७.५५

काका, आत्ताच गुडघे टेकून आले. जीन्स चिखलात, नवरा खिडकीतून व्हिडिओ काढतोय.

पानांची पाठ स्वच्छ. पूड नाही, पुटकुळ्या नाहीत.

भोक आहे! टूथपिकने हळूच कड सरकवली तर तळाशी मोहरीच्या दाण्याएवढी फट. आणि काय सांगू, बघता बघता त्यातून एक काळं चिलट बाहेर आलं, अंगावर पिवळी पूड घेऊन. क्षणभर पानावर बसलं, पाय झाडले आणि उडालं. मग बाजूच्या दोघांचेही तळ तपासले. त्यांनाही भोक.

कणसात दाणे मोजले नव्हते, पण फोटोत एका बाजूने पस्तीस-चाळीस दिसतात. म्हणजे एकूण सत्तर तरी असावेत.

आणि पॉयझन आयव्हीबद्दल तुम्ही जे सुचवताय ते मला ऐकायचं नाहीये.

चिखलपाय
१२ मे, रात्री १०.४०

झालं तर मग. ताई, तुमचं झाड आजारी नाही. गेल्या वर्षी ती बाई होती, बाळंत झाली, यंदा बाप्या झाली आहे.

थट्टा नाही. या झाडाचं लिंग ठरलेलं नसतं, गड्ड्यात साठा किती यावर ते ठरतं. गड्डा अगदी लहान असला तर नुसतं पान येतं, फूल नाही. थोडी शिल्लक जमली की नर फूल, कारण परागकण बनवायला खर्च कमी. गड्डा चांगला पोसला की मादी फूल आणि बहुतेक वेळा दोन पंखे, कारण दाणे पोसायचे तर स्वयंपाकघर मोठं हवं. सत्तर दाणे पिकवले की गड्डा रिकामा होतो आणि पुढच्या वर्षी बाई पुन्हा नर होते, किंवा अगदीच खंगली तर नुसतं पान देते. पुन्हा साठा जमला की पुन्हा मादी. एकच झाड आयुष्यात असं अनेकदा इकडून तिकडे जातं.

आता भोकाची गंमत. या फुलाला अळंबीसारखा मंद वास असतो, आपल्या नाकाला तो जेमतेम कळतो. अळंब्यांवर अंडी घालणारी चिलटं फसून आत शिरतात. आतली भिंत गुळगुळीत, वर चढता येत नाही. नर फुलाच्या तळाला फट ठेवलेली असते. चिलट धडपडत परागकण माखून तिथून सुटतं आणि पुढच्या फुलात जातं. पुढचं फूल मादी असेल तर तिथे फटच नाही. चिलट आत येरझाऱ्या घालतं, परागकण सांडतं आणि तिथेच मरतं. पुढच्या वेळी मादी फूल सुकलं की आवरण उलगडून बघा, तळाशी चिलटांची मढी सापडतील.

म्हणजे गेल्या वर्षी शेजारचे दोन नर होते म्हणून तुम्हाला कणीस मिळालं. एकच झाड लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

नुसताच_वाचक
१२ मे, रात्री ११.०२

सहा वर्षांत या स्थळावर पहिल्यांदा प्रतिसाद देतोय. चिलटाची गोष्ट वाचून झोप उडाली.

सुरणवडी
१३ मे, सकाळी ७.००

अवांतर होतंय, पण ऑक्झलेटच्या सुयांचा विषय निघालाय तर ठाणेकरांना गप्प कसं बसवेल! शेवळं ही रानभाजी याच कुळातली. जूनच्या सुरुवातीला शहापूर-मुरबाडकडच्या बायका बाजारात जुड्या घेऊन बसतात आणि जुडीबरोबर काकडं देतात. काकडं म्हणजे काकडी नव्हे, काकड झाडाची हिरवी आंबट फळं. ती नसतील तर शेवळं घेऊ नयेत. आतला पिवळा भाग खरवडून टाकायचा, उरलेलं बारीक चिरून काकडांच्या रसात शिजवायचं, मग कोलंबी घाला नाहीतर खिमा. आमच्या सीकेपी घरात शेवळाची कणी झाल्याशिवाय पावसाळा सुरू झाला असं कोणी मानत नाही. एका वर्षी नव्या सुनेने, म्हणजे मीच, काकडं कमी घातली. जेवणानंतर अख्खं घर घसा धरून बसलं होतं. सासरे तर ताकाचा गंज घेऊनच बसले.

तर प्रश्न असा, तुमचा जॅक असा आंबट घालून खाता येतो का?

चिखलपाय
१३ मे, सकाळी ७.४५

नाही. कृपया कोणी प्रयोग करू नका.

इथल्या मूळनिवासी लोकांनी याचा गड्डा खाल्ला आहे, ‘इंडियन टर्निप’ हे जुनं नाव त्यावरूनच पडलं. पण ते काप करून महिनोन्‌महिने पूर्ण वाळवून, मग पीठ करून. नुसतं उकडून त्या सुया जात नाहीत. कच्चा तुकडा तोंडात गेला तर जीभ-घसा सुजतो. घरात लहान मूल किंवा कुत्रा असेल तर लाल दाणे पिकायच्या आधीच काढून घ्यावेत हे उत्तम.

घाटवाट
१३ मे, दुपारी १२.२०

शेवळं खाणारी आमच्याकडची जुनी माणसंही सापकांद्याच्या वाटेला जात नाहीत, यातच काय ते आलं.

उत्तरेची_ओसरी
१३ मे, रात्री ८.३०

म्हणजे गेल्या सप्टेंबरात दाणे नुसत्या हाताने चुरडले तेव्हा दोन तास हात चुरचुरत होते ते यामुळे! मला वाटलं नव्या साबणामुळे.

काका, एक विचारू? बाळंतपण समजलं, पण बावीस इंचांवरून थेट नऊ? एवढी पडझड होते?

चिखलपाय
१३ मे, रात्री ९.५०

बरोबर विचारलंत. नुसत्या बाळंतपणाने एवढी होत नाही. बावीसवरून पंधरा-सोळा म्हटलं असतं तर मी गप्प बसलो असतो. तुमच्या बाईला बाळंतपणानंतर डिंकाचे लाडू मिळाले नाहीत.

२०२४चा सप्टेंबर-ऑक्टोबर आठवा. न्यू जर्सीत ऑक्टोबरभर पावसाचा थेंब नाही म्हटलं तरी चालेल, नोव्हेंबरात राज्याला दुष्काळाचा इशारा द्यावा लागला. कणीस पिकत होतं नेमकं तेव्हाच कोरड सुरू झाली. वर तो नॉर्वे मेपल. त्याची मुळं अगदी वरच्या थरात, चटईसारखी विणलेली. सावली दाट, पाणी सगळं आधी तो पितो. जंगलात जॅक ओढ्याकाठी, दलदलीच्या कडेला, सतत ओलसर जागी वाढतो. अंधार त्याला चालतो, कोरडी सावली नाही. सावली मोजायला सगळे जातात, ओल मोजायला कोणी जात नाही.

आणि ब्लोअर. पाला हेच या झाडाचं पांघरूण आणि हेच त्याचं जेवण. जंगलात कोणी खत टाकत नाही, पाला कुजतो आणि पुरतो. लॉनच्या खताने यंदा फार बिघडलं नसावं, पण पुन्हा नको. त्यात नत्र जास्त, शिवाय तणनाशक मिसळलेलं असलं तर रुंद पानांची झाडं मरतात. पिशवी वाचून बघा.

आता काय करायचं ते सांगतो.

पाला साठवा. ओकचा असेल तर सोनंच. मॉवर फिरवून तुकडे करा, कोपऱ्यात जाळीचं कडं उभारून त्यात भरा, वर्ष-दोन वर्षांत काळंभोर, मऊ, पावसाच्या मातीच्या वासाचं होतं. ते दोन इंच जॅकभोवती पसरा. मेपलच्या बुंध्याशी मात्र ढीग नको आणि मुळांवर फूटभर माती टाकण्याचा मोह तर अजिबात नको.

मेपलची मुळं कापत बसू नका, ती वर्षात परत येतात. त्याऐवजी यंदा पान पिवळं पडल्यावर तिघांना ओकच्या बाजूला हलवा. झोपल्यावरच हलवायचं, त्याआधी नाही. गड्डा उचलाल तेव्हा बघा, मुळं खालून नसतात, गड्ड्याच्या माथ्यावरून, कोंबाच्या भोवती फुटतात. म्हणून कोंब वर करून दोन-चार इंच खोल लावायचा, उथळ लावलात तर मुळांना ओली माती मिळत नाही.

आठवड्याला इंचभर पाणी, पावसाचं धरून. आणि फूल यंदा कापून टाकलंत तरी चालेल, नर फुलाला खर्च फार नाही, पण बाजूच्यांपैकी कोणी बाईमाणूस झालं तर पहिलं वर्ष दाणे धरू देऊ नका.

उत्तरेची_ओसरी
१३ मे, रात्री १०.१५

पिशवी वाचली. तणनाशक नव्हतं. देवाला नारळ कबूल केला होता, फोडते.

ओला_उन्हाळा
१४ मे, पहाटे ५.१० (लीड्स)

धागा आत्ता दिसला. आमच्याकडे उलटी तऱ्हा, पाणी हवं तेवढं, इतकं की हिवाळ्यात गड्डे कुजतात. तुमचा ट्रायफायलम चिखल सहन करतो, आशियातले भाऊबंद करत नाहीत.

माझ्याकडे कँडिडिसिमम आहे. चीनच्या युन्नानमधला, जॉर्ज फॉरेस्टने १९१४ साली तिथून आणलेला. पांढरा फणा, त्यावर फिकट गुलाबी उभ्या रेघा, मंद गोड वास. नववारीचा काठ बघतोय असं वाटतं. पण महा आळशी. एप्रिल जातो, मे जातो, सगळी बाग उठून कामाला लागते, हा जूनमध्ये डोकं वर काढतो. पहिल्या वर्षी मी मे अखेरीस मेला समजून त्याच जागी कुदळ घातली आणि पेटुनिया लावताना गड्ड्याचे दोन तुकडे केले. दुसऱ्यापासून जागेवर दगड ठेवते आणि दगडावर तेलरंगाने ‘इथे कोणीतरी झोपलंय’ असं लिहिलंय. पोस्टमनने एकदा दबक्या आवाजात विचारलं, मांजर का?

कुंडीत लावणाऱ्यांनी व्हाइन वीव्हिल नावाच्या भुंगेऱ्याच्या अळ्यांकडे लक्ष ठेवा, पांढऱ्या, वाकड्या, गड्डा आतून पोखरतात. गोगलगायी तर आहेतच.

प्राजक्त_सडा
१४ मे, सकाळी ८.००

किती सुंदर माहिती! मी बॉस्टनला असते, जुलैत महाबळेश्वरला जाणार आहे. सापकांद्याचे दोन-तीन गड्डे बॅगेत टाकून आणू का? ओसरीताई, तुम्हालाही देईन.

घाटवाट
१४ मे, सकाळी १०.४५

ताई, कळकळीने सांगतो, नका आणू. मरेई फक्त पश्चिम घाटातला आहे, जगात दुसरीकडे कुठे नैसर्गिक नाही. कास २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं तेव्हापासून माणसांची रीघ लागली आहे. प्रत्येकाने दोनच गड्डे म्हटलं तरी डोंगर उघडा पडेल. शिवाय तो राखीव वनाचा भाग, उपटणं हा गुन्हा.

चिखलपाय
१४ मे, सकाळी ११.३०

आणि इकडेही चालणार नाही. लावायची झाडं आणायची तर भारतातलं फायटोसॅनिटरी (झाडाला कीड-रोग नसल्याचं) प्रमाणपत्र लागतं, मातीचा कण चालत नाही, विमानतळावर सांगावं लागतं. न सांगता आणलंत तर दंड. आणि एवढं करून तो बॉस्टनच्या बर्फात बाहेर टिकणारही नाही, कुंडी घरात घेऊन हिवाळाभर कोरडी ठेवावी लागेल. आशियातलाच हवा आणि बागेत टिकणारा हवा तर सिकोकियानम बघा, नर्सरीत बियांपासून वाढवलेला मिळतो. काळपट जांभळा फणा आणि आत पांढरीशुभ्र, फुगीर दांडी. जपानीत त्याचं नावच बर्फाची मोची, मोची म्हणजे त्यांचा तांदळाचा मऊ गोळा. महाग आहे आणि अल्पायुषी आहे, पण एकदा फुललेला पाहिलात की पैशांचं दुःख होत नाही.

इथल्या जंगलातून जॅक खणून आणणाऱ्यांनाही हेच. नर्सरीवाल्याला विचारा, तुम्ही वाढवलाय की उपटून आणलाय. उत्तर द्यायला अडखळला तर दुसरी नर्सरी.

प्राजक्त_सडा
१४ मे, दुपारी १२.१०

बरं झालं विचारलं. फोटो आणेन फक्त.

कोकमकढी
१४ मे, दुपारी १.००

अवांतर. जॉर्जिया ओ'कीफ या चित्रकर्तीने १९३० साली लेक जॉर्जला याच फुलाची सहा चित्रं काढली. पाच आता वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहेत. दर चित्रात ती जवळ जवळ जात राहते, शेवटी आवरण जातं, नुसती दांडी उरते. ओसरीताईंचं टॉर्च घेऊन गुडघे टेकणं वाचताना तेच आठवलं.

उत्तरेची_ओसरी
१७ मे, रात्री ९.००

काकांचा संशय खरा निघाला. कचऱ्याच्या कागदी पिशवीत तळाशी ती ‘पॉयझन आयव्ही’ अजून होती, वाळलेली. पॉयझन आयव्हीच्या मधल्या पानाला लांब देठ असतो, हे काल शोधून वाचलं. माझ्याकडच्या दोन्हींत तिन्ही पानं एकाच बिंदूतून निघालेली, देठ नाहीच, आणि कडेने बारीक शीर गोल फिरलेली. एकाच्या टोकाला हरभऱ्याएवढा गड्डा. म्हणजे मी स्वतःच्या हाताने, हातमोजे घालून, जॅकची पिल्लं उपटली.

गड्डा दाबून पाहिला, टणक आहे. ओल्या पाल्यात लावून ठेवलाय.

चिखलपाय
१७ मे, रात्री ९.२०

टणक असेल तर जगेल. आम्ही सगळ्यांनीच कधीतरी असली पिल्लं उपटली आहेत. मी तर शेजाऱ्याला बोलावून, बघा पॉयझन आयव्ही कशी ओळखायची, असं शिकवत उपटली होती.

उत्तरेची_ओसरी
६ सप्टेंबर, संध्याकाळी ६.१५

वर्तमान कळवते. जुलैअखेर पान पिवळं पडलं, ऑगस्टमध्ये तिघांना ओकच्या बाजूला नेलं. मधल्याचा गड्डा लिंबाएवढा, चपटा, माथ्यावर मुळांची दाढी. काका म्हणाले होते तसंच, खाली एकही नाही. यंदा कोणालाही कणीस नाही. पालावाल्यांना सांगून ठेवलंय की या दोरीच्या आत यायचं नाही. त्यांचा म्होरक्या म्हणाला, बाई, पाला तसाच ठेवायला पैसे कमी होणार नाहीत. म्हटलं नको होऊ देत.

गेल्या वर्षीचे दाणे चुरडून धुतलेलं बी मी डबीत विसरले होते, कोरडंच. त्याचं काही होईल?

चिखलपाय
६ सप्टेंबर, रात्री ८.००

वर्षभर कोरडं राहिलेल्या बियांचा भरवसा नाही, पण जातंय काय. ओल्या वाळूत घालून फ्रिजमध्ये दोन-अडीच महिने ठेवा, मग पाव-अर्धा इंच खोल पेरा. उगवलं तर पहिल्या वर्षी एकच बारकं पान. फूल तीन ते पाच वर्षांनी. डबीवर नाव लिहा, नाहीतर कोणी राळे समजून भाजेल.

टोमॅटोदादा
७ सप्टेंबर, सकाळी ९.४०

तीन ते पाच वर्षं! मी यंदा चाळीस पौंड टोमॅटो काढले. तरी हा धागा मी सोडलेला नाही, हे नोंदवून ठेवतो.

उत्तरेची_ओसरी
१९ एप्रिल, सकाळी ७.२०

आला! पाला बाजूला सारून, करंगळीएवढा जाड कोंब, चार इंच वर. अंगावर जांभळट ठिपक्यांची गुंडाळी, थेट सापाच्या कातेसारखी. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर दाखवला, त्या म्हणाल्या, "बघ, मी काय म्हणत होते." गेल्या वर्षी याच सुमारास तो पेन्सिलीएवढा होता. पंखा एक आहे की दोन ते गुंडाळीत अजून कळत नाही. उपटलेलं पिल्लूही आलंय, एक इंच. बी मात्र उगवलं नाही.

चिखलपाय
१९ एप्रिल, सकाळी ७.३५

कोंब सोलून बघू नका. पंधरा दिवस थांबा. मग टॉर्च आणि जुनी जीन्स.

ओला_उन्हाळा
१९ एप्रिल, दुपारी १.०० (लीड्स)

अभिनंदन! माझा दगड जागच्या जागी आहे. जूनमध्ये भेटू.